विषय दारूचा, नाटक कशाचं?

‘एकच प्याला’ या नाटकाचं आशयसूत्र काय, असं विचारलं की ‘दारूचे दुष्परिणाम’ हे उत्तर तोंडावर तयार असतं. ते चूक नाही, पण त्यातून फारसं काही कळतही नाही. दारू वाईट एवढंच सांगायचं असतं तर राम गणेश गडकऱ्यांनी एखादं व्याख्यान दिलं असतं. पाच अंक लिहिण्याचा खटाटोप कशाला? नाटकाचा किंवा कादंबरीचा विषय एका शब्दात सांगता येतो. आशयसूत्र सांगायला मात्र पूर्ण वाक्य लागतं, आणि त्या वाक्याशी एखाद्या जाणत्या वाचकाला भांडता आलं पाहिजे. ‘दारू वाईट’ या वाक्याशी कोण भांडणार?

विषयावरून नाटक ओळखता येत नाही याचा पुरावा त्याच काळात सापडतो. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘विद्याहरण’ 1913 मध्ये रंगभूमीवर आलं. त्यातही मद्य आहेच. शुक्राचार्य कचाची राख मिसळलेलं मद्य पितात आणि त्यापायी असुरांची संजीवनी विद्या हातची जाते. तिथे एका गुरूच्या व्यसनाची किंमत अख्खं कुळ मोजतं. गडकऱ्यांचा सुधाकर मात्र गावातला एक वकील आहे. बुडतं ते त्याचं घर. दारू दोन्हीकडे आहे, नाटकं दोन वेगळी आहेत.

मग आशयसूत्र शोधायचं कसं? पहिला प्रश्न असा विचारावा: घसरण नेमकी कुठून सुरू होते? सुधाकर पहिला पेला उचलतो त्याच्या आधी गडकऱ्यांनी बरंच काही मांडून ठेवलेलं आहे. सुधाकर गरिबीतून स्वतःच्या बुद्धीवर वर आलेला. बायको सिंधू श्रीमंत घरची. माणूस हुशार, प्रेमळ, पण मानी आणि कमालीचा तापट. कोर्टात मुन्सफाशी त्याचा खटका उडतो, तोंडाला आवर राहत नाही आणि वकिलीची सनद काही काळासाठी जाते. ज्या गावात ताठ मानेनं वावरला तिथेच खाली मान घालून बसायची वेळ येते. त्या जळत्या क्षणी त्याचा कारकून तळीराम पेला पुढे करतो, अपमान विसरायचं औषध म्हणून. मित्रांच्या आग्रहानं, गंमत म्हणून, चव बघू म्हणून दारू सुरू करणारी माणसं आपण रोज पाहतो. लेखकाला ती वाट मोकळी होती. त्यानं अपमानाची वाट निवडली, हे निसटू देऊ नये.

दुसरा प्रश्न: हीच रचना पुन्हा येते का? येते. नाटकात पुढे सुधाकर दारू सोडायची शपथ घेतो. ती शपथ खरी आहे, ढोंग नाही. तो काम मागायला प्रतिष्ठितांच्या दारी जातो. तिथे त्याच्या जुन्या लौकिकावरून त्याला टोमणे, उपदेश आणि नकार मिळतो. माणूस परत फिरतो तो थेट पेल्याकडे. पहिल्या वेळी मुन्सफ होता, या वेळी गावातले सभ्य गृहस्थ आहेत. जखम मात्र तीच. योगायोग म्हणून लेखक एवढी मोठी गोष्ट दोनदा घडवत नाही. अभिजात कलाकृतीत जे पुन्हा येतं तिथे बोट ठेवून थांबावं.

आता तळीरामाकडे. त्याच्या दारूबाज सोबत्यांच्या आर्यमदिरामंडळाचे प्रवेश हे गंभीर नाटकातली विश्रांती, अशी सर्वसाधारण समजूत आहे. हसू येतंच. शास्त्रीबुवा आणि खुदाबक्ष एका बैठकीत मांडीला मांडी लावून बसतात आणि दारूच्या समर्थनार्थ एकापेक्षा एक तर्कट लढवतात. पण हे तर्कट नीट ऐका. मंडळात जो तो स्वतःच्या व्यसनाची वकिली करतो आहे. आणि मुख्य कथानकातला खरा वकील काय करतो? तेच! सुधाकर आपला मित्र रामलाल याला व्यसनाच्या अवस्था समजावून सांगतो. सुरुवातीला सोडावंसं वाटत नाही, पुढे सोडवत नाही, म्हणून दारू सोडण्याचा काळ एकच, पहिल्या पेल्याच्या आधीचा, असा त्याचा निष्कर्ष. हे भाषण इतकं बिनतोड आहे की वाचक आणि प्रेक्षक दोघेही त्याला लेखकाचं मत समजून माना डोलावतात. ते सुधाकरचं मत आहे. स्वतःच्या सुटकेचे सगळे दरवाजे तो युक्तिवादानं बंद करतो आहे. विनोदी प्रवेशानं आरसा धरला नसता तर हे इतक्या सहज दिसलं नसतं.

शंका असेल तर भगीरथाचं पात्र तपासा. प्रेमभंगामुळे दारूला लागलेला हा तरुण रामलालच्या आधारानं व्यसनातून बाहेर पडतो आणि लोकसेवेला लागतो. म्हणजे सुधाकरचा सिद्धांत नाटकातच खोटा ठरतो. दारू सुटते, सुटत नाही ती सुधाकरची. आपण काढलेल्या सूत्राला जे पात्र छेद देतं ते बाजूला सारायचं नसतं, त्याच्यावरच सूत्र घासून पाहायचं असतं. भगीरथ मदत घेऊ शकतो. सुधाकरला दुसऱ्याचा हात धरणं म्हणजे पुन्हा एकदा हरणं वाटतं. सासरच्या पैशाला शिवायचं नाही, हा त्याचा हट्ट इथूनच येतो.

त्या हट्टाची किंमत मोजते सिंधू. ती माहेरची मदत नाकारते, दळणं दळते, उपाशी राहते. शेवटी नशेत सुधाकरच्या हातून मूल मरतं, तीही जबर जखमी होते, आणि फौजदारासमोर मात्र ती नवऱ्याला वाचवायला खोटं बोलते. आजच्या वाचकाला हे खुपतं आणि खुपलंच पाहिजे. गडकरी तिच्या पातिव्रत्यावर इतके भाळले आहेत की तिच्या सोशिकपणानं सुधाकरला मोकळं रान मिळतं, हे ते उघडपणे कुठेच म्हणत नाहीत. तरी त्यांच्यातल्या नाटककारानं गीता उभी केली आहे. तळीरामाची ही बायको नवऱ्याला तोंडावर सुनावते, गप्प बसत नाही. भक्त गडकरी सिंधूला ओवाळतात आणि नाटककार गडकरी शेजारी गीता ठेवतात. लेखकाचं मत आणि कलाकृतीचा अर्थ यांत असं अंतर पडतं तेव्हा मी कलाकृतीच्या बाजूनं उभा राहतो.

प्रयोगानंही अर्थ सरकतो. 23 जानेवारी 1919 ला सावनेरला गडकरी वारले, वय अवघं तेहेतीस. पुढच्याच महिन्यात, 20 फेब्रुवारीला, गंधर्व नाटक मंडळीनं बडोद्यात पहिला प्रयोग केला. सुधाकर गणपतराव बोडस, सिंधू बालगंधर्व, पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांची. बालगंधर्वांची सिंधू एवढी गाजली की नाटक तिच्या सोसण्याचं झालं आणि सुधाकरचा अहंकार मागे पडला. पुस्तक उघडल्यावर तोल परत सुधाकरकडे झुकतो.

रामलाल आणि शरद यांचं उपकथानक मात्र मला लांबलेलं वाटतं. तरी ते सूत्राबाहेरचं नाही. सुधाकरच्या या विधवा बहिणीला शिकवताना रामलालच्या मनात अभिलाषा जागी होते. ती ओळखून तो मागे सरतो. स्वतःबद्दलची चांगली समजूत मोडली तरी तो ते कबूल करतो. सुधाकरला नेमकं हेच जमत नाही.

हे सगळं जोडल्यावर माझं वाक्य असं होतं: अपमान पचवू न शकणारा बुद्धिमान माणूस आपल्या नाशाचंही वकीलपत्र घेतो, आणि घरातली बिनशर्त निष्ठा त्याला अडवू शकत नाही. याच्याशी भांडता येईल. सिंधूची निष्ठाच सुधाकरला शेवटी जागं करते, असं कुणी म्हणेल, आणि शेवटच्या अंकात त्याला आधार आहे. पण तोवर मूल गेलेलं असतं आणि जागा झालेला सुधाकर विष घेतो, असं माझं उत्तर आहे.

प्रयोग पाहिला असेल तरी संहिता एकदा वाचा. वाचताना आर्यमदिरामंडळाचे आणि भगीरथाचे प्रवेश गाळू नका, आणि सुधाकर सर्वांत पटण्यासारखं बोलेल तिथे त्याच्यावर सर्वांत कमी विश्वास ठेवा.