डावांचें शास्त्र आणि माथेरानची वाट

‘डाव’ हा शब्द ऐकतांच आमच्या बालवाचकांस पत्ते, बुद्धिबळ किंवा हुतुतू आठवेल. अर्थशास्त्रांत मात्र या शब्दाचा अर्थ व्यापक आहे. आपलें हित केवळ आपल्या वागण्यावर नव्हे, तर दुसरा काय करील यावरहि जेथें अवलंबून असतें, तो प्रत्येक प्रसंग म्हणजे डाव. जॉन फॉन नॉयमन व ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांनीं १९४४ सालीं या विषयावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढें जॉन नॅश यांनीं त्यांत मोलाची भर घातली.

हें शास्त्र समजण्यास नेरळाहून माथेरानास जाणारी वाट पुरेशी आहे. १९०७ सालीं सुरू झालेली तेथील छोटी आगगाडी एकेरी मार्गानें डोंगर चढते. समजा, एक गाडी चढत आहे व दुसरी उतरत आहे. त्यांनीं जुम्मापट्टीस एकमेकींस ओलांडावें कीं वॉटर पाईपला, याचें महत्त्व थोडें. दोघींचें ठिकाण एकच ठरणें हें मुख्य. तें एकदां ठरलें, कीं एकट्यानें बेत बदलण्यांत कोणाचाच लाभ नाहीं. अशा स्थितीस ‘नॅशचा समतोल’ म्हणतात.

परंतु समतोल म्हणजे कल्याणच, असें नव्हे. माथेरानांत मोटारींस बंदी नाहीं, अशी कल्पना करूं. दोन प्रवाशांचें सुख गुणांनीं मोजूं. दोघेहि पायीं हिंडले तर शुद्ध हवा व शांतता लाभून प्रत्येकास ३ गुण. एकानेंच मोटार नेली तर त्यास ४, आणि धूळ खाणाऱ्या दुसऱ्यास १. दोघांनींहि नेली तर प्रत्येकास २. आतां पहिला हिशेब करतो: दुसरा पायीं गेल्यास मोटारीनें ३ ऐवजीं ४ मिळतात, त्यानें मोटार नेल्यास १ ऐवजीं २. म्हणजे कसेंहि झालें तरी मोटारच बरी! दुसराहि असाच विचार करतो. आणि ३ मिळणें शक्य असतां दोघांच्याहि पदरीं २ पडतात. कोणी मूर्ख नाहीं, कोणी दुष्ट नाहीं, तरी हानि दोघांची. शास्त्रज्ञ यास ‘कैद्यांचा पेंच’ म्हणतात.

यांतून सुटका कशी व्हावी? माथेरानचे पाहुणे एकमेकांस पुन्हा भेटतीलच असें नाहीं. म्हणून तेथें नुसती सदिच्छा पुरत नाहीं, नियम लागतो. खासगी मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात. हा नियम ४ चा मोह दूर करतो व सर्वांस ३ मिळवून देतो. उलट वर्गांत, शेजारांत किंवा पाणवठ्यावर तींच माणसें रोज भेटतात. तेथें आजच्या लबाडीचें मोल उद्यां द्यावें लागतें, म्हणून परस्परविश्वास टिकूं शकतो.

वर्ग झाडण्याची पाळी चुकविणाऱ्यास त्या दिवसापुरता लाभ होतो; पण सर्वांनीं तोच हिशेब केला तर सर्वांसच धुळींत बसावें लागेल. म्हणून विद्यार्थ्यांनीं, आणि घरीं पालकांनींहि, कोणतीहि चाल खेळण्यापूर्वीं स्वतःस एकच प्रश्न विचारावा: सर्वांनीं माझ्यासारखेंच केलें तर काय होईल?