काचपट्टीवरचं खोटं दुखणं

मुरुडसारख्या गावात स्तनातली गाठ काढली जाते, तुकडा डबीत पडतो आणि नातेवाईक ती डबी पिशवीत घालून एस.टी.नं लातूर गाठतात. रस्ता वीस-पंचवीस किलोमीटरचा. पुढे रिपोर्ट ‘निदान करता येत नाही’ असा आला की बोल लागतो लॅबला. माझं मत उलट आहे. काचपट्टीवरचे सगळ्यांत महागडे दोष डबी लॅबच्या टेबलावर येण्याआधीच होऊन गेलेले असतात.

अशा दोषाला आर्टिफॅक्ट म्हणतात, म्हणजे मूळ अवयवात नसलेली, आपल्या हाताळणीतून उपटलेली गोष्ट. चिमट्यात तुकडा दाबून धरला की नाजूक पेशी चिरडतात आणि केंद्रकांचे निळे ओघळ उरतात. शस्त्रक्रियेत डागणाऱ्या कॉटरीनं कड जळाली की गाठ पूर्ण निघाली की नाही, हे सांगायची सोय राहत नाही.

खरा घोळ तुकडा टिकवणाऱ्या फॉर्मेलिनचा. फ्रँकफर्टच्या फर्डिनांड ब्लूम यांना 1893 मध्ये याचा गुण कळला तो स्वतःच्या बोटांची कातडी ताठरल्यामुळे. दहा टक्के फॉर्मेलिन म्हणजे बाजारातल्या द्रावणाचा एक भाग आणि पाण्याचे नऊ. बाजारातलं द्रावण पाणी न घालता तसंच ओतलं तर तुकडा बाहेरून कडक होतो, आत कच्चाच राहतो. द्रावण तुकड्याच्या किमान दहापट हवं, वीसपट असेल तर उत्तम. ते आत मुरतं तासाला जेमतेम मिलिमीटरभर, पुढे त्याहून सावकाश. म्हणून अख्खी गाठ किंवा गर्भाशय न चिरता बुडवलं तर मधला भाग सडू लागतो. मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना तर झपाट्यानं. आणि बाटली अरुंद तोंडाची नको! मऊ तुकडा आत जातो, ताठरल्यावर बाहेर येत नाही. मग बाटली कापावी लागते.

जुनं, आम्ल झालेलं फॉर्मेलिन रक्ताळ तुकड्यात तपकिरी-काळे कण सोडतं. प्लीहेच्या काचपट्टीवर ते मलेरियाच्या रंगकणांसारखे दिसतात. फॉस्फेट बफर घालून पीएच सातच्या आसपास ठेवला की हा प्रश्न उद्भवतच नाही.

लॅबमधले दोष दिसायला जास्त, निस्तरायला सोपे. अल्कोहोलनं तुकड्यातलं पाणी नीट ओढलं नाही तर त्याला आधार देणारं मेण आत शिरत नाही. पावसाळ्यात हवेतला ओलावा घेतलेलं अल्कोहोल याच कामाला दगा देतं. अल्कोहोलनंतरचं झायलिन दुधाळ झालं की समजावं, पाणी राहिलंय. उन्हाळ्यात मेणाचा ब्लॉक बर्फावर गार केल्याशिवाय चार मायक्रॉनची रिबन सरळ निघत नाही, चुरगळते. ब्लेड सैल असेल तर कापावर आडवे पट्टे उमटतात. काप तरंगवायचा वॉटरबाथ मेणाच्या वितळणबिंदूपेक्षा दहाएक अंश थंड हवा. जास्त तापला की पेशी एकमेकींपासून फाकतात.

सगळ्यांत भीती मात्र तरंगत्या कणाची. आधीच्या रुग्णाचा कण वॉटरबाथच्या पाण्यावर राहिला आणि पुढच्याच्या काचपट्टीवर चिकटला, तर एकाचा कर्करोग दुसऱ्याच्या नावावर चढतो. उपाय फुकटातला: प्रत्येक ब्लॉकनंतर टिश्यू पेपरनं पाण्याचा पृष्ठभाग पुसून घ्यायचा. कंटाळ्यापोटी हेच राहतं.

पाण्याचं तर बोलायलाच नको. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, त्या मुलखात काचपट्टी वाहत्या पाण्यात निवांत धुणं ही चैन वाटते. पण केंद्रकं रंगवणाऱ्या हिमॅटॉक्सिलिनचा निळा रंग खुलायला किंचित अल्कधर्मी पाणी लागतंच, आणि बोअरचं जड पाणी वाळल्यावर क्षारांचे पांढरे डाग सोडतं.

लातूर, नांदेड, अंबाजोगाई इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांत आज पॅथॉलॉजी विभाग आहेत. इथले रुग्ण ब्लॉक घेऊन मुंबईच्या टाटा रुग्णालयातही जातात. तिथे ब्लॉक पुन्हा कापता येतो, पुन्हा रंगवता येतो; कुजलेला मधला भाग मात्र कुणालाच पूर्ववत करता येत नाही. स्तनाच्या कर्करोगात हार्मोन रिसेप्टरच्या चाचणीसाठी तुकडा सहा ते बहात्तर तास फॉर्मेलिनमध्ये असावा लागतो. शनिवारी सकाळी मुरुडहून निघालेली डबी सोमवारी दुपारी उघडली तरी चालतं, फक्त तुकडा आत कधी टाकला ती वेळ डबीवर पेननं लिहिलेली हवी.