प्रत्येक गुळणी म्हणजे अ‍ॅसिडिटी नव्हे
मुलांचं पोट : लेखांक ६

तान्ह्या बाळाच्या अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला असणारी झडप कच्ची असते, हे मागच्या लेखात पाहिलं. त्यात बाळ दिवसभर आडवं आणि आहार सगळा पातळ, म्हणून दूध वर येतं. त्या लेखानंतर अनेक आयांनी एकच विचारलं : मग अ‍ॅसिड कमी करणारं औषध सुरू करू का?

आईच्या खांद्यावरचा पंचा भिजलेला पाहून आजी म्हणते, ‘दूध काढतंय, काढू दे.’ बहुतेक वेळा आजीचं बरोबर असतं. गुळण्या चौथ्या महिन्याच्या सुमारास सर्वांत जास्त येतात आणि वर्ष-दीड वर्षात बहुतेक बाळांच्या थांबतात. वजन नीट वाढतंय, गुळणीनंतरही बाळ खुशीत आहे, तर त्याला आजारी ठरवू नये.

ओमेप्राझोल, लान्सोप्राझोल ही औषधं जठराच्या पेशींमधला आम्ल बाहेर टाकणारा पंप बंद पाडतात. झडप घट्ट करणं हे त्यांचं कामच नाही. दूध वर येत राहतं, फक्त त्याचा आंबटपणा जातो. आणि पाजल्यानंतर लगेच आलेली गुळणी मुळात फारशी आंबट नसतेच, कारण दूधच पोटातलं आम्ल शमवतं.

याची पारख झालेली आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दूध पिताना किंवा प्यायल्यावर रडणारी १६२ बाळं होती. निम्म्यांना लान्सोप्राझोल दिलं, निम्म्यांना तसंच दिसणारं पण औषध नसलेलं मिश्रण. दोन्ही गटांत ५४ टक्के बाळांचं रडणं निम्म्याहून कमी झालं. गंभीर त्रास मात्र औषधाच्या गटात १० बाळांना झाला, दुसऱ्या गटात दोघांना; त्यात छातीचा संसर्ग ठळक होता. बाळ शांत झालं की आई श्रेय बाटलीला देते, आणि ते स्वाभाविक आहे. पण त्या बाळांना गुण आला तो वाढत्या दिवसांमुळे, असं मला वाटतं.

जठरातलं आम्ल आपला राखणदार आहे. तोंडावाटे आलेले पुष्कळ जंतू तिथेच मरतात. आम्ल दीर्घकाळ दाबून ठेवलेल्या मुलांत जुलाब आणि न्यूमोनियाचं प्रमाण जास्त दिसलं आहे. म्हणून आधी सोपे उपाय : थोडं थोडं पाजणं, ढेकर काढणं. तरी त्रास राहिला तर गाईच्या दुधातल्या प्रथिनाची अ‍ॅलर्जी आहे का, हे डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन ते चार आठवडे ते दूध बंद ठेवून पाहावं. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या आईलाही तेवढे दिवस दूध-दही सोडावं लागतं. झोपवायचं मात्र पाठीवरच.

औषधाची खरी गरज असलेली मुलंही आहेत. दुर्बिणीच्या तपासणीत अन्ननलिकेला जखमा दिसल्या, अल्सर झाला, किंवा मोठं मूल छातीत जळजळ होते असं स्वतः सांगू लागलं, तर औषध द्यायलाच हवं, घाबरत घाबरत अर्धवट नव्हे. साधारण चार ते आठ आठवडे द्यायचं आणि मग पुन्हा तपासायचं. जेवणाआधी अर्धा तास दिलं तर ते नीट लागू पडतं. कॅप्सूलमधले दाणे कुटू नयेत. त्यांचं आवरण फुटलं की जठरातलं आम्लच औषध नासवतं. मोठ्यांची गोळी अर्धी करून देण्याचा घरगुती हिशेबही नको, कारण मात्रा मुलाच्या वयावर आणि वजनावर ठरते. घरात रॅनिटिडिनची जुनी बाटली असेल तर ती मुलाला देऊ नका. त्यातल्या एका घातक अशुद्धीमुळे अमेरिकेने २०२० साली हे औषध बाजारातून काढायला लावलं आणि २०२२ साली ते भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतूनही वगळलं गेलं.

उलटी हिरवी असेल, तीत रक्त असेल, पोट फुगलं असेल, बाळ दूधच घेत नसेल, किंवा पहिल्या दोन महिन्यांत उलटी जोराने लांब उडत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. वजन वाढत नसेल तरी दाखवायला उशीर करू नका.

ज्यांच्या मुलाला ओमेप्राझोलसारखं औषध आधीच चालू आहे, त्यांनी ते परस्पर बंद करू नये. पुढच्या भेटीत डॉक्टरांना एवढं विचारा : हे नेमकं कशासाठी, आणि कधी थांबवायचं? ती तारीख चिठ्ठीवर लिहून घ्या.

(पुढच्या आठवड्यात : शाळकरी मुलांची बेंबीभोवतीची पोटदुखी)