वाटेत कुठेही न उतरता

सिंगापूर एअरलाइन्सचं सिंगापूर–न्यूयॉर्क विमान एका दमात पंधरा हजार किलोमीटरहून जास्त अंतर कापतं. अठरा तासांहून अधिक काळ ते आकाशातच असतं. पण मला त्याहून नवल वाटतं ते आतल्या खुर्च्यांचं. त्या आहेत फक्त 161. याच जातीच्या, म्हणजे एअरबस ए350-900च्या, नेहमीच्या विमानांत अडीचशे-तीनशे माणसं सहज बसतात. इथे इकॉनॉमी वर्गच नाही. इतक्या लांब जायचं तर माणसं कमी करावी लागतात.

कोडं वजनाचं आहे. या खास विमानाच्या टाक्यांत 1,65,000 लिटर इंधन मावतं, म्हणजे सुमारे 130 टन. उडताना विमानाचं वजन जास्तीत जास्त 280 टन असू शकतं. सगळे प्रवासी आणि त्यांच्या बॅगा मिळून सोळा-सतरा टन. टाक्या काठोकाठ भरल्या, तर धावपट्टीवरून जे उचललं जातं त्यात जवळजवळ निम्मं इंधनच. माणसं त्यात किरकोळ!

बरं, हे इंधन वाहून न्यायलाही इंधन लागतंच. ढोबळमानानं, विमानात एक टन वजन जादा चढवलं की त्यापायी दर तासाला तीस-चाळीस किलो इंधन जादा जळतं. अठराव्या तासाला लागणारं इंधन आधीचे सतरा तास नुसतं ओझं असतं. शिदोरी इतकी जड व्हावी की ती उचलण्याचं बळ यावं म्हणून आणखी दोन भाकऱ्या बांधाव्या लागाव्यात, तसा हा प्रकार.

मग मधे उतरून इंधन का भरू नये? अगदी लांबच्या पल्ल्यात त्यानं इंधन वाचू शकतं, पण तो थांबा वाटेवरच असायला हवा. इथे सपाट नकाशा आपल्याला चकवतो. बंगळुरूहून सॅन फ्रान्सिस्कोला जायचं तर पश्चिमेला युरोपवरून किंवा पूर्वेला पॅसिफिकवरून, असं वाटतं. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून बघा. तो थेट उत्तरेकडे सरकतो. जानेवारी 2021मध्ये कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या सहकारी महिला वैमानिकांनी एअर इंडियाचं विमान उत्तर ध्रुवावरूनच सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूला आणलं, सुमारे 14,000 किलोमीटर. या दोऱ्यावर ना दुबई येते, ना फ्रँकफर्ट. तिथे उतरायचं म्हणजे वळसा, पुन्हा उड्डाण, पुन्हा चढाई आणि मधले ताटकळण्याचे तास.

तरीही दुबईसारखी हब, म्हणजे प्रवासी विमान बदलतात ती केंद्रं, ओस पडत नाहीत, त्याचं कारण साध्या गणितात आहे. पन्नास शहरांतून प्रत्येकी एक विमान एका हबला आणलं, की त्या शहरांच्या 1,225 जोड्या जुळतात. मार्ग मात्र पन्नासच. थेट विमानाला हे भाग्य नाही. दोनच शहरांच्या जिवावर त्याला रोज भरावं लागतं. एअरबसनं या गणितावर भिस्त ठेवून अवाढव्य ए380 बांधलं. ती विमानं 251च विकली गेली आणि 2021मध्ये शेवटचं ग्राहकाच्या हाती पडलं. त्याच काळात बोईंगचं 787 हजाराच्या घरात गेलं. ते हलक्या कार्बन संमिश्राचं, दोनच इंजिनांचं आणि आकारानं बेताचं आहे. लांब जाणारं पण लहान विमान मिळालं, की दोन शहरांनी ते भरणं आवाक्यात येतं.

ऑस्ट्रेलियाच्या क्वांटासनं 2018मध्ये 787नंच पर्थ–लंडन सेवा सुरू केली. सुमारे 14,500 किलोमीटर, सतरा तास. 1947मध्ये याच कंपनीचं सिडनी–लंडन विमान कोलकाता, कराची, कैरो करत चार दिवसांनी पोहोचायचं!

कंपन्यांनी हब टाळून अशी थेट विमानं सोडावीत का? सोडावीत, पण अठरा-वीस तासांच्या विक्रमांमागे सगळ्यांनीच धावू नये, असं मला वाटतं. तिथे इंधनाचं गणित फारच निर्दय होतं आणि तिकीट मोजक्यांनाच परवडतं. शिवाय लांब दोरा तुटायला एक बंद सीमा पुरते. एप्रिल 2025मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या एअर इंडियाच्या विमानांना इंधनासाठी व्हिएन्ना, कोपनहेगनला उतरावं लागलं.

खरी मजा मधल्या पल्ल्यात आहे. ए321एक्सएलआर हे एकाच मार्गिकेचं विमान 8,700 किलोमीटरपर्यंत जाऊ शकतं. मुंबईहून लंडन सुमारे 7,200. म्हणजे पश्चिम युरोप या चिमुकल्या विमानाच्या टप्प्यात येतो. पुण्याला याची चव आधीच मिळालीय. लुफ्तान्सानं 2008मध्ये 737 वर्गातल्या छोट्या विमानानं पुणे–फ्रँकफर्ट सेवा सुरू केली होती, मुंबईला न शिवता. पुण्याच्या लोहगाव विमानतळाची धावपट्टी हवाई दलाची, मोठ्या विमानांना तोकडी. अशा शहरांसाठीच ही लहान विमानं. कोल्हापूरहून टोरांटोला निघालेल्याला मात्र कुठेतरी विमान बदलावंच लागेल. त्याच्यासाठी हब हवंच, आणि ते दुबईऐवजी नवी मुंबईत असलं तर त्याचा वळसा तरी वाचेल.