काचेच्या पोटात चेहरा

भेटवस्तूंच्या दुकानात काचेचा एक चौकोनी ठोकळा हमखास दिसतो. आत गणपती असतो, ताजमहाल असतो, नाहीतर कुणाच्या तरी आजी-आजोबांचे हसरे चेहरे. पांढुरके, नाजूक आणि चक्क उठावदार. असा ठोकळा हातात मिळाला तर त्याच्या सहाही बाजूंवरून नख फिरवा. ओरखडा नाही, भोक नाही, सांधा नाही. मग आजोबा आत शिरले कुठून?

दोन तुकडे कोरून चिकटवले असतील? नाही. काच वितळलेली असताना आत काही घातलं असेल? तेही नाही. आधी अख्खा ठोकळा तयार होतो, घासून लख्ख होतो, आणि मगच त्यात चित्र उमटतं. बाहेरून आत जातो तो फक्त प्रकाश. लेझरचा प्रकाश.

आता जरा थांबा. खिडकीच्या काचेतून रोज ऊन घरात येतं. काचेला काही होतं का? प्रकाश आरपार जातो म्हणून तर आपण खिडकीला काच लावतो! मग जो प्रकाश काचेच्या पृष्ठभागातून तिला धक्काही न लावता आत जातो, तोच मध्यावर पोचल्यावर तिला फोडतो कसा? या सगळ्या प्रकरणात मला हाच प्रश्न सर्वांत आवडतो, आतल्या चित्रापेक्षाही.

उत्तराचा पहिला भाग तुम्हाला माहीत आहे. बहिर्वक्र भिंगानं ऊन एका बिंदूत गोळा केलं की कागद जळतो, पण भिंग थंडच राहतं. लेझरच्या यंत्रातही असंच एक भिंग असतं. किरण ठोकळ्यात शिरतो तेव्हा पसरट असतो, आणि आत जाता जाता निमुळता होत एका बारीक बिंदूत येतो. त्या बिंदूला म्हणतात नाभी. सगळी गंमत घडते ती नाभीपाशी.

पण एवढ्यानं भागत नाही. कागद प्रकाश शोषतो म्हणून जळतो. काच तर शोषतच नाही! म्हणजे गोळा झालेला प्रकाशही आरपार निघून जायला हवा.

इथे आपल्याला प्रकाशाकडे फार जवळून बघायला हवं. प्रकाश म्हणजे ऊर्जेच्या चिमुकल्या पुडक्यांचा वर्षाव, आणि अशा एका पुडक्याला म्हणतात फोटॉन. काचेतले इलेक्ट्रॉन आपापल्या जागी घट्ट धरून ठेवलेले असतात. त्यांना सोडवायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढी हिरव्या प्रकाशाच्या एका फोटॉनकडे नसते. फोटॉन येतो, त्याचं काही चालत नाही, तो पुढे जातो. काच पारदर्शक दिसते ती यामुळेच.

दहीहंडी आठवा. हंडी तीन थरांवर टांगली आहे आणि गोविंदा एकेक करून येतायत, उडी मारतायत, निघून जातायत. शंभर जण येऊन गेले तरी हंडी फुटणार नाही. पण तिघं एकाच वेळी एकमेकांच्या खांद्यावर उभे राहिले की फुटलीच! फोटॉनचंही तसंच. दोन किंवा अधिक फोटॉन एकाच जागी, एकाच क्षणी आले, तर त्यांची ऊर्जा एकत्र होते आणि इलेक्ट्रॉन सुटतो.

हे प्रत्यक्षात घडताना कुणी बघायच्या कितीतरी आधी एका तरुण शास्त्रज्ञ बाईंनी ते गणितानं मांडलं होतं. त्यांचं नाव मारिया गोपर्ट-मायर. जर्मनीतल्या गॉटिंगेन विद्यापीठात डॉक्टरेटसाठी काम करताना त्यांनी दाखवलं, की एकाच वेळी दोन फोटॉन शोषले जाऊ शकतात. १९३१ साली ते छापून आलं. पण पडताळून बघणार कसं? तेवढी फोटॉनची गर्दी जमवणारा दिवाच जगात नव्हता! १६ मे १९६० रोजी अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी पहिला लेझर चालवून दाखवला आणि पुढच्याच वर्षी, १९६१ मध्ये, मारियाबाईंचं म्हणणं प्रयोगानं खरं ठरलं. तीस वर्षांनी! १९६३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं, ते मात्र अणूच्या केंद्रकाविषयीच्या कामासाठी. शाळेच्या पुस्तकात या बाई भेटत नाहीत, म्हणून त्यांचं नाव वहीत लिहूनच ठेवा.

आता ही गर्दी जमवायची कशी? जागेची गर्दी भिंग करतं. वेळेची गर्दी लेझर करतो. तो सलग पेटत नाही, क्षणभर चमकतो आणि विझतो. एक चमक टिकते काही नॅनोसेकंद, आणि एक नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक अब्जावा भाग. सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावणारा प्रकाशसुद्धा एवढ्या वेळात तुमच्या तीस सेंटीमीटरच्या पट्टीएवढंच अंतर कापतो.

चला, हिशेब करू. एका चमकेत एक मिलिज्यूल ऊर्जा आहे असं धरा. ही ऊर्जा अगदी किरकोळ. एक ग्रॅम वजन जमिनीवरून दहा सेंटीमीटर उचलायला साधारण एवढीच लागते. पण ती पाच नॅनोसेकंदांत ओतली, तर तेवढ्या वेळापुरती शक्ती होते दोन लाख वॅट! म्हणजे ९ वॅटचे बावीस हजारांहून जास्त एलईडी दिवे, आणि त्या सगळ्यांचा जोर केसाहून बारीक ठिपक्यावर.

मग तिथे हाहाकार उडतो. सुटलेला पहिला इलेक्ट्रॉन मागून येणारा प्रकाश भराभर शोषतो, शेजाऱ्यांना धडका देतो, तेही सुटतात. क्षणार्धात तेवढीशी जागा प्रचंड तापते आणि एक चिमुकला स्फोट होतो. बाहेर पडायला वाट नसते, कारण चहूबाजूंनी भक्कम काच असते. मग तिथल्या तिथे बारीक तडा पडतो, मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान. त्यावर पडलेला उजेड सगळीकडे विखुरतो आणि आपल्याला पांढरा ठिपका दिसतो. रंग नाही, शाई नाही. असे हजारो-लाखो तडे जागच्या जागी पाडले, की झाले आजोबा!

जागच्या जागी म्हणजे कुठे, हे संगणक ठरवतो. दोन कॅमेऱ्यांनी किंचित वेगवेगळ्या कोनांतून फोटो घेतला, तर नाक किती पुढे आणि कान किती मागे हे मोजता येतं. एकच फोटो असला तर संगणकाच्या मदतीनं चेहऱ्याची खोली अंदाजानं ठरवावी लागते. मग प्रत्येक ठिपक्याला तीन आकडे मिळतात : आडवा, उभा आणि खोल. हलते आरसे किरणाला इकडेतिकडे वळवतात आणि खोलीसाठी भिंग किंवा ठोकळा वरखाली सरकतो. यातही एक खुबी आहे. काचेत शिरताना प्रकाश वळतो, त्यामुळे भिंग एक सेंटीमीटर खाली आणलं तर आतली नाभी जवळपास दीड सेंटीमीटर खाली जाते. हा हिशेब चुकला तर आजोबांचं नाक लांबलंच म्हणून समजा!

आता एक कोडं. लेझर वरून येतोय. मग कोरायला सुरुवात वरच्या थरापासून करायची की तळापासून?

तळापासून! वरचे ठिपके आधी पाडले तर खाली जाणारा किरण त्यांच्यावर आपटून विखुरला जाईल. ठिपके फार जवळ जवळही पाडायचे नाहीत. एकाचा तडा दुसऱ्याला मिळाला, दुसऱ्याचा तिसऱ्याला, की अख्खा ठोकळा तडकू शकतो. आणि काळ्याभोर केसांचं काय? तिथे ठिपके अगदी विरळ ठेवतात. जिथे उजेड हवा तिथे दाटी करतात. म्हणूनच असा ठोकळा गडद कापडासमोर ठेवून खालून दिवा लावला की उठून दिसतो.

दुकानात या ठोकळ्यांना क्रिस्टल म्हणतात, पण बहुतेक वेळा ती के-९ नावाची स्वच्छ काच असते. भिंगं आणि लोलक बनवायला वापरतात त्या जातीची.

हीच युक्ती आता चित्रांच्या फार पुढे गेली आहे. इंग्लंडमधल्या साउदम्प्टन विद्यापीठात पीटर कझान्स्की आणि त्यांचे सहकारी शुद्ध क्वार्ट्‌झच्या काचेत चक्क पुस्तकं साठवतात. त्यांच्या लेझरची चमक नॅनोसेकंदाहूनही हजारो पटींनी आखूड असते, फेमटोसेकंदांत मोजण्याइतकी. एवढ्याशा वेळात काच तडकतच नाही, तिच्यात अतिसूक्ष्म रेघा तयार होतात. त्या रेघा कुठे आहेत, कोणत्या दिशेला आहेत आणि किती ठळक आहेत, यावरून मजकूर वाचता येतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये फाल्कन हेवी अग्निबाणानं एक लाल मोटार अंतराळात सोडली, तेव्हा तिच्यात अशीच एक चकती होती. त्या चकतीत होती आयझॅक असिमॉव्ह यांची ‘फाउंडेशन’ कादंबरीमाला. २०२४ मध्ये याच गटानं माणसाची संपूर्ण जनुकीय माहिती एका चकतीत लिहिली, आणि ती ऑस्ट्रियातल्या हालश्टाट गावच्या मिठाच्या खाणीत जपून ठेवली आहे. कागद कुजतो, पेनड्राइव्ह बिघडतो. ही काच मात्र पाणी, थंडी आणि बरीचशी उष्णता सोसून टिकते.

आता तुमची पाळी. असा ठोकळा कुणाकडे असेल तर परवानगी घेऊन तो हातात घ्या, आणि आतले ठिपके भिंगातून बघा. ठिपका गोल गुळगुळीत नसतो, त्याला बारीक चिरा फुटलेल्या दिसतील. मग आजोबांकडे बाजूनं बघा. बऱ्याच ठोकळ्यांत चेहरा म्हणजे ठिपक्यांचा एक वळणदार पडदा असतो, डोक्याची मागची बाजू कोरलेलीच नसते. मागून पाहिलंत तर नाकाच्या जागी खळगा दिसेल! कोपऱ्यातून पाहिलंत तर एकाऐवजी दोन-तीन आजोबा दिसतील. असं का होत असेल, ते कागदावर किरणांच्या रेघा काढून शोधा.

आणि दोन गोष्टी नीट लक्षात ठेवा. कुठल्याही लेझरकडे थेट बघायचं नाही, खेळण्यातल्यासुद्धा. आणि काच चौकोनी नसून गोळा असेल, तर तो उन्हात खिडकीशी ठेवायचा नाही. तो गोळा स्वतःच भिंगाचं काम करतो आणि जवळचा पडदा किंवा कागद पेटू शकतो.