आंबडवे ते आंबेडकर : एक दुर्मीळ आडनाव आले कुठून आणि पोहोचले कुठे?

एका वस्तीतील अभ्यासिकेत आम्ही दर रविवारी मुलांसोबत बसतो. मागे एकदा दहावीतल्या एका मुलाने विचारले, "दादा, आपल्या वस्तीत कांबळे आहेत, जाधव आहेत, गायकवाड आहेत, सकपाळ आहेत. मग आंबेडकर एकही कसे नाहीत?" सगळी मुले हसली आणि लगेच गप्प झाली. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, चौकाला बाबासाहेबांचे नाव, घराघरात जयभीम; पण त्या आडनावाचा शेजारी कुणालाच नाही. तिथे बसलेल्या आमच्यापैकी कुणाचाही आंबेडकर आडनावाच्या माणसाशी कधी प्रत्यक्ष संबंध आलेला नव्हता.

देशातील प्रत्येक शहराला ठाऊक असलेले हे आडनाव प्रत्यक्षात मोजक्याच घरांत आहे. असे का, याचे उत्तर शोधताना आपल्या प्रत्येकाच्या आडनावाबद्दल काही कामाच्या गोष्टी हाती लागतात. त्या तरुण बांधवांसमोर मांडाव्यात, म्हणून हा लेख.

आडनावाआधी काय होते?

आज आडनावाशिवाय शाळेचा दाखला निघत नाही. पण आपल्या पूर्वजांना पिढ्यान् पिढ्या अशा कागदी आडनावाची गरज पडत नव्हती. गावात माणूस ओळखला जायचा तो स्वतःच्या नावाने, बापाच्या नावाने आणि जातीने. महार पुरुषांच्या नावाला 'नाक' हा प्रत्यय लागत असे. सिदनाक, रायनाक, शिवनाक ही नावे इतिहासात आपण वाचतो. भीमा कोरेगावच्या जयस्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या सैनिकांची जी नावे कोरली आहेत, त्यांतली 'नाक'ने संपणारी नावे महार सैनिकांची म्हणून ओळखता येतात, ती याच प्रत्ययामुळे.

पुढे इंग्रजी राजवटीत पलटणीचा हजेरीपट, पेन्शनचा कागद, शाळेचे रजिस्टर आणि कोर्टाची नोंद आली. या प्रत्येक कागदाला आडनाव हवे होते. मग कुणी कुळाचे नाव लावले, कुणी गावाचे. कोकणात गावाच्या नावापुढे 'कर' जोडण्याची रीत सगळ्याच जातींत होती. तेंडोलीचे ते तेंडुलकर, मंगेशीचे ते मंगेशकर. लष्करातून निवृत्त होऊन दापोलीत राहिलेल्या आणि १८८८ मध्ये 'विटाळ विध्वंसन' लिहिणाऱ्या गोपाळबाबांचे आडनावही वलंगकर होते. बाबासाहेबांच्या मातोश्री भीमाबाई माहेरच्या मुरबाडकर, म्हणजे ठाणे जिल्ह्यातील मुरबाडच्या.

ही 'कर'ची रीत महत्त्वाची आहे, कारण ती माणसाचे गाव सांगते, जात सांगत नाही. 'नाक' लावला की जात उघड व्हायची. 'कर' लावला की ती झाकली जायची. पलटणीत शिकलेल्या पिढीने 'नाक' सोडून 'कर' धरला, या बदलाकडे आम्हाला स्वाभिमानाच्या दिशेने टाकलेले एक लहानसे पाऊल म्हणून पाहावेसे वाटते.

सकपाळांचे घर, आंबडव्याचे गाव

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला मंडणगड तालुका आहे. या तालुक्यातील आंबडवे हे बाबासाहेबांचे मूळ गाव. जुन्या चरित्रांत त्याचे नाव 'अंबावडे' असेही छापलेले दिसते. त्यामुळे घोळ होतो, कारण आंबवडे नावाची इतर गावेही आहेत. एक तर पुणे जिल्ह्यात भोर तालुक्यातच आहे. बाबासाहेबांचे गाव मात्र मंडणगडचे आंबडवे.

घराण्याचे कुळनाव सकपाळ. आजोबा मालोजी सकपाळ लष्करात होते. वडील रामजी मालोजी सकपाळ सुभेदार पदापर्यंत पोहोचले आणि लष्करी शाळेत मुख्याध्यापक राहिले. सकपाळ हे आडनाव दुर्मीळ नाही. रत्नागिरी, रायगड, सातारा आणि कोकणातून गिरण्यांच्या कामाला आलेल्या माणसांची मुंबई या पट्ट्यात ते भरपूर सापडते. ते बौद्धांमध्ये आहे, तसेच मराठा समाजातही आहे. रामजींनी तेच आडनाव शाळेत लावले असते, तर आज आपण वेगळ्याच नावाचा जयघोष करत असतो.

पण मुलाच्या शिक्षणाच्या कागदावर कुळाऐवजी गाव आले. आंबडवेचे म्हणून आंबडवेकर. त्याचे आंबेडकर कसे झाले, याची सर्वांना माहीत असलेली हकीकत चरित्रकार धनंजय कीर यांनी दिली आहे. साताऱ्याच्या शाळेत आंबेडकर आडनावाचे एक ब्राह्मण शिक्षक होते. त्यांचा या विद्यार्थ्यावर जीव होता. मधल्या सुट्टीत ते त्याला आपल्यातली भाजी-भाकरी देत. आंबडवेकर हे नाव उच्चारायला अवघड म्हणून त्यांनी आपले आंबेडकर हे आडनाव कागदावर लावले. या शिक्षकांचे नाव कृष्णाजी केशव आंबेडकर असे सांगितले जाते.

कागद काय सांगतो?

या हकीकतीच्या शेजारी एक पक्का कागद ठेवून पाहू. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात (आजचे प्रतापसिंह हायस्कूल) इंग्रजी पहिलीच्या वर्गात एका नऊ वर्षांच्या मुलाचा प्रवेश झाला. रजिस्टरमध्ये क्रमांक १९१४ समोर नाव आहे : भिवा रामजी आंबेडकर. म्हणजे या हायस्कुलात पाऊल टाकले त्या दिवशीच नाव 'आंबेडकर' होते. बदल झाला तो या नोंदीच्या वेळी किंवा त्याआधी. महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून जाहीर केला, तो याच नोंदीमुळे.

आता भाषेकडे पाहू. मराठीच्या नियमाने आंबडवेचा माणूस आंबडवेकर होतो, आंबेडकर होत नाही. आंबेडकर व्हायला गाव 'आंबेड' असावे लागते. आंबेड नावाची गावे याच रत्नागिरी जिल्ह्यात, पण दक्षिणेला संगमेश्वर तालुक्यात आहेत. म्हणजे 'आंबडवेकर' आणि 'आंबेडकर' ही एकाच नावाची दोन रूपे नसून दोन वेगवेगळ्या गावांकडे बोट दाखवणारी दोन आडनावे आहेत. कानाला जवळची म्हणून ती एकमेकांत मिसळली. 'कर' जात सांगत नसल्यामुळेच ब्राह्मण शिक्षकाचे आणि महार विद्यार्थ्याचे आडनाव एकच होऊ शकले. दुसऱ्या कुठल्या प्रांतात, जिथे आडनाव हीच जात असते, तिथे हे घडणे अवघड होते.

या हकीकतीवरून आपल्याकडे दोन टोके दिसतात. एक म्हणते, "बाबासाहेबांचे आडनावसुद्धा ब्राह्मणाने दिलेले." दुसरे म्हणते, "असा शिक्षक नव्हताच." पहिल्यांना आम्ही एवढेच सांगतो की आडनाव मिळाले म्हणून कुणी आंबेडकर होत नाही. त्याच शाळेत त्याच मुलाला वर्गात वेगळे, गोणपाटावर बसावे लागत होते आणि पाण्याच्या भांड्याला हात लावता येत नव्हता. आडनाव बदलले, तरी विटाळ गेला नाही. दुसऱ्यांना सांगतो की खुद्द बाबासाहेबांनी या गुरुजींची आठवण कृतज्ञतेने काढली आहे. गोलमेज परिषदेला जाताना गुरुजींचे आलेले पत्र त्यांनी जपून ठेवले होते, असे कीर लिहितात. बाबासाहेब एका माणसाच्या मायेबद्दल कृतज्ञ राहिले आणि व्यवस्थेशी आयुष्यभर लढलेही. या दोन गोष्टी एकाच माणसात राहू शकतात, हे आपणही शिकायला हवे.

इतके दुर्मीळ का?

कारण साधे आहे. हे आडनाव एका पूर्ण गावाने किंवा भावकीने घेतले नाही. ते एका शाळेच्या नोंदीतून एका घरात आले. आंबडव्याचे बाकीचे सकपाळ सकपाळच राहिले.

त्या एका घराचा विस्तारही मोठा झाला नाही. बाबासाहेब आणि रमाईंना पाच अपत्ये झाली. गरिबी आणि आजारपणात त्यांतली चार लहानपणीच गेली. धाकटा राजरत्न १९२६ मध्ये गेला. उरले ते एकटे यशवंतराव, म्हणजे आपले भैयासाहेब (१९१२-१९७७). त्यांच्या कुटुंबातून आणि बाबासाहेबांचे बंधू आनंदराव यांच्या वंशातून हे आडनाव पुढे चालले. शिक्षकांच्या बाजूचे मूळ आंबेडकर वेगळे. त्यामुळे नकाशावर हे आडनाव शोधले, तर कोकण, सातारा, मुंबई एवढ्याच खुणा ठळक दिसतात. महू ही जन्मभूमी खरी, पण तिथे हे घराणे पलटणीसोबत गेले होते. आडनाव तिथले नाही. ज्या आडनावामागे चार लेकरांचे मरण आहे, त्याचे दुर्मीळ असणे हा नुसता कुतूहलाचा विषय राहत नाही.

आडनाव थांबले, नाव पसरले

घरांत थांबलेले हे आडनाव नाव म्हणून मात्र देशभर गेले. उत्तर प्रदेशात १९९५ मध्ये आंबेडकर नगर हा जिल्हा झाला. २००३ मध्ये महूचे नाव डॉ. आंबेडकर नगर झाले. मराठवाडा विद्यापीठाच्या नामविस्तारासाठी सोळा वर्षे लढा द्यावा लागला, घरे जळाली, माणसे गेली, तेव्हा १४ जानेवारी १९९४ उजाडला. आंध्रात २०२२ मध्ये कोनसीमा जिल्ह्याला बाबासाहेबांचे नाव द्यायचे ठरले, तर अमलापुरमला जाळपोळ झाली. पाटीवरचे पाच अक्षरांचे एक नाव आजही कुणाला एवढे का झोंबते, याचा विचार करा.

तामिळनाडूत आडनाव लावण्याऐवजी वडिलांच्या नावाचे आद्याक्षर लावतात. तिथे आणि आंध्र-तेलंगणातही आईबाप मुलाचे पाळण्यातले नावच 'आंबेडकर' ठेवतात. आपल्याकडे जे आडनाव आहे, ते तिकडे बाळाचे नाव होते. हंगेरीत रोमा समाजाच्या मुलांसाठी चालणाऱ्या एका शाळेलाही डॉ. आंबेडकरांचे नाव आहे. आंबडवे कुठे आणि हंगेरी कुठे! रक्ताने आडनाव मोजक्याच घरांत गेले, विचाराने ते सातासमुद्रापार पोहोचले.

आपल्या आडनावाचे काय?

हे सगळे सांगण्यामागे आमचा एक व्यवहारी हेतूही आहे. मध्यंतरी आमच्याकडे एक मुलगी आली. बारावीला उत्तम गुण, पुढच्या प्रवेशासाठी जात वैधता प्रमाणपत्र हवे. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर गावावरून आलेले 'कर' आडनाव, वडिलांच्या दाखल्यावर कुळाचे आडनाव. दोघे एकाच घराचे, हे सिद्ध करायला वंशावळ, जुने उतारे, चुलत्यांचे दाखले गोळा करण्यात अनेक महिने गेले. आजी हयात होती, म्हणून बदल कधी आणि का झाला ते कळले. तीही नसती, तर?

अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. त्या काळातील कागदांवर आपल्या आजोबा-पणजोबांचे आडनाव आजच्यासारखेच असेल, असे नाही. कुठे 'नाक' असेल, कुठे गाव, कुठे कुळ, कुठे नुसते बापाचे नाव. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर अनेकांनी नावेही बदलली. बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातीच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या. पण जुना कागद हाती नसेल, तर मिळालेला हक्कही दारात अडतो.

म्हणून तरुण बांधवांना आणि भगिनींना आमचे सांगणे आहे :

घरातील सर्वांत वयस्क माणसाशी या आठवड्यात बसा. आडनाव कुठून आले, मूळ गाव कोणते, भावकी कुठे कुठे गेली, हे वहीत लिहून घ्या. आजी, आत्या, मावशी यांना आधी विचारा. माहेर-सासरची दोन्ही आडनावे त्यांच्याच लक्षात असतात.

पणजोबांपर्यंतचे शाळेचे दाखले, जन्म-मृत्यूच्या नोंदी, पलटण, रेल्वे किंवा गिरणीचे कागद यांच्या प्रती एकत्र ठेवा.

आडनाव बदलायचे असेल, तर जरूर बदला. तो तुमचा हक्क आहे. पण राजपत्रात रीतसर प्रसिद्ध करून बदला आणि जुने कागद फेकू नका. नव्या आणि जुन्या नावाला जोडणारा धागा तेच असतात.

शहरात खोली बघायला गेलो की घरमालक नाव विचारून थांबत नाही, "पूर्ण नाव?" म्हणतो. त्या वेळी काही मुले आडनाव पुटपुटतात, काही 'कर'च्या आड लपतात. आम्ही कुणालाही दोष देत नाही. छप्पर ही गरज आहे. पण ज्या मुलाला वर्गात गोणपाटावर बसवले, त्याने रजिस्टरात लिहिलेले तेच नाव पुढे संविधानाच्या मसुदा समितीपर्यंत नेले, हे विसरू नये. आडनाव कुणी दिले हा प्रश्न छोटा आहे, ते घेऊन आपण काय केले हा मोठा.

त्या दहावीच्या मुलाने पुढच्या रविवारी वही आणली. पहिल्या पानावर पणजोबांचे नाव होते, त्यापुढे एका गावाचे नाव. ते गाव त्याने अजून पाहिलेले नाही. मे महिन्याच्या सुट्टीत आजीला घेऊन तिथे जायचे ठरले आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!