तक्रार कुणाकडे करायची?

"ताई, दुकानात आम्ही चौघीच. मालकच त्रास देतो, सांगायचं कुणाला?" परवा एकीनं विचारलं. मैत्रिणींनो, उत्तर आहे आणि ते लांबून आलंय. स्त्रियांविरुद्धचा भेदभाव संपवण्याचा करार संयुक्त राष्ट्रांनी १९७९ मध्ये स्वीकारला, भारतानं १९९३ मध्ये. राजस्थानात बालविवाह रोखणाऱ्या भंवरीदेवींवर १९९२ मध्ये अत्याचार झाला, तेव्हा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध वेगळा कायदाच नव्हता. महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९९७ च्या 'विशाखा' निकालात न्यायालयानं याच कराराचा आधार घेऊन नियम घालून दिले. २०१३ मध्ये कायदा झाला. कामगार दहापेक्षा कमी असोत की तक्रार मालकाविरुद्ध, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांत लेखी अर्ज करता येतो. तिला म्हटलं, "बस, अर्ज मी लिहिते. सही तू कर."